तिजोरीची किल्ली आणि हिशेबाची वही



राजे-सुभेदारांच्या लढाया आपण पोवाड्यांतून ऐकतो. कोणी कोणता गड घेतला ते आपल्याला तोंडपाठ असते. पण त्या लढाईचा पैसा कोठून आला, शिपायाचा पगार कोणी दिला, हे पोवाडा सांगत नाही. म्हणून आज आम्ही अशा एका भांडणाची हकीकत मांडतो की ज्यात तलवार थोडी चालली आणि वही फार. भांडण बंगालचे, तीनशे वर्षांपूर्वीचे. पण त्याचा एक धागा थेट आपल्या मुलखात येतो.

औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरला तो १७०७ साली अहमदनगरला मरेपर्यंत परत गेला नाही. मराठ्यांशी झुंजता झुंजता त्याचा खजिना आटला. फौजेचा पगार वर्षावर्ष थकू लागला. अशा वेळी त्याला हात दिला तो बंगालच्या महसुलाने. कोटीच्या घरातली रक्कम तिकडून छावणीत येई. म्हणजे वेढे पडत होते सह्याद्रीच्या गडांना, आणि खर्च भरत होता बंगालचा कुळवाडी नि ढाक्याचा विणकर! त्या गरिबाला सह्याद्री कुठे आहे हे तरी माहीत होते का?

मोगलांनी प्रत्येक सुभ्यावर दोन मोठे अंमलदार नेमलेले असत. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त. दिवाणाकडे महसूल आणि खर्च. दिवाण सुभेदाराचा नोकर नव्हे. तो हिशेब द्यायचा तो बादशाही दिवाणाला. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या हाती खाती नि पहारा, दुसऱ्याच्या हाती रोकड नि पगारपत्रक. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, ही त्यातली मेख. व्यवस्था शहाणपणाची होती.

१६९७ साली बंगालचा सुभेदार झाला अजीम-उश्-शान, खुद्द औरंगजेबाचा नातू. म्हातारा बादशहा आज ना उद्या जाणार, मग तख्तासाठी भाऊबंदकी माजणार, हे सगळ्यांनाच दिसत होते. त्या दिवसासाठी ज्याच्यापाशी पैसा तो शहाणा. शहजाद्याने पैसा जमवायला सुरुवात केली. परदेशी जहाजांवरचा माल आपल्या नावाने आधी उचलायचा आणि व्यापाऱ्यांना चढ्या भावाने विकायचा. या धंद्याला नाव दिले ‘सौदा-इ-खास’. लूट म्हटले की लाज वाटते, सौदा म्हटले की वाटत नाही! १६९८ मध्ये १६ हजार रुपये घेऊन त्याने इंग्रजांच्या कंपनीला सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांची जमीनदारी विकत घेऊ दिली. त्या तीन गावांचे पुढे कलकत्ता झाले. आवळा देऊन कोहळा काढला तो असा.

१७०० साली बादशहाने करतलब खान नावाचा दिवाण बंगालला पाठवला. हा पूर्वी आपल्या वऱ्हाडच्या दिवाणी कचेरीत काम शिकलेला. माणूस कडक, वहीचा पक्का. त्याने सरदारांच्या जहागिरी बंगालमधून उचलून ओरिसात टाकल्या, बंगालचा महसूल सरकारजमा केला आणि शहजाद्याच्या हाताला लगाम घातला. शहजादा खवळला. आणि मग काय झालं? ढाक्यात रोख पगारी शिपायांचा पगार थकला होता. त्या शिपायांनी दिवाणाला भर रस्त्यात गाठले. त्यांच्यामागे शहजाद्याची चिथावणी होती, असे जुने इतिहासकार लिहितात. दिवाण डगमगला नाही. सरळ शहजाद्याच्या वाड्यात जाऊन त्याने त्याला तोंडावर जाब विचारला. नंतर शिपायांचा हिशेब काढला, थकबाकी चुकती केली, आणि सगळ्यांची नावे पटावरून खोडली.

बंधूंनो, इथे जरा थांबा. इतिहास या दोघांचीच नावे मोठ्या अक्षरात लिहितो. त्या शिपायांचे काय? त्यांचा पगार खरोखर थकलेला होता, मागणी खरी होती. पण ती मागणी एकाने हत्यार म्हणून वापरली आणि दुसऱ्याने नोकरी घेऊन मिटवली. वरच्यांच्या भांडणात आपल्या खऱ्या गाऱ्हाण्याचा असा भाला होतो. भाला मोडला की फेकून देतात.

दिवाणाने आपली कचेरी ढाक्याहून हलवली. नव्या जागेला पुढे त्याच्याच नव्या नावावरून मुर्शिदाबाद नाव पडले. तो आता मुर्शिद कुली खान झाला होता. सावकारी पेढ्याही त्याच्या मागोमाग गेल्या. बादशहाने नातवाला दटावले आणि नातू पाटण्याला जाऊन बसला. १७०७ च्या भाऊबंदकीत बंगालचा पैसा त्याच्या बापाच्या कामी आला. पण १७१२ मध्ये बाप वारल्यावर लाहोरजवळ भावाभावांच्या लढाईत तो स्वतः मारला गेला.

मग दिवाण जिंकला म्हणून रयत सुखी झाली काय? अजिबात नाही. १७१७ मध्ये मुर्शिद कुली खान दिवाण होता तसाच सुभेदारही झाला. दोन्ही किल्ल्या एकाच कमरेला! ज्याने दुसऱ्याच्या हातातली उधळण थांबवली, त्याच्यावर नजर ठेवायला आता कोणी उरले नाही. १७२२ च्या जमाबंदीत महसूल १ कोटी ४२ लाखांवर गेला. वसुलीसाठी जमीनदाराला पिळले, जमीनदाराने कुळाला पिळले. दिल्लीला रक्कम वेळच्या वेळी जात होती, म्हणून दिल्लीने काही विचारले नाही.

पुढे त्या भरल्या तिजोरीवर सगळ्यांचाच डोळा. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर गेल्या आणि १७५१ च्या तहात सालाचे १२ लाख ठरले. तिथल्या आयाबाया पोरांना निजवताना बर्गींचा धाक घालीत, आणि ते बर्गी आपल्याकडचे होते. हे लपवण्यात अर्थ नाही. लुबाडणारा आपली बोली बोलतो म्हणून लुबाडणूक गोड होत नाही.

शेवटी १७६५ साली बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणीच कंपनीने पदरात पाडून घेतली, बादशहाला सालाचे २६ लाख कबूल करून. पैसा कंपनीचा, जबाबदारी नवाबाची. ज्याच्या हाती ससा तो पारधी! पाचच वर्षांत, १७७० मध्ये, भयंकर दुष्काळ पडला. तिसरा हिस्सा माणसे गेली असावीत, आणि तरी १७७१ ची वसुली १७६८ पेक्षा जास्त भरली, असे वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये स्वतः विलायतेला कळवले. माणसे कमी झाली, वसुली वाढली. हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. किल्ली शहजाद्याकडे की दिवाणाकडे, नवाबाकडे की कंपनीकडे, हा त्यांचा वाद होता. रयतेचा प्रश्न वेगळा होता आणि तो कोणी विचारलाच नाही : वही कोणापुढे उघडायची? दिवाणाची वही बादशहापुढे उघडली, कंपनीची भागीदारांपुढे. भरणाऱ्यापुढे कधीच नाही.

आज सुभे नाहीत, नवाब नाहीत. आता राज्याचा जमाखर्च विधानसभेपुढे मांडावा लागतो, त्याची तपासणी होते, अहवाल छापतात. हे आयते मिळालेले नाही. पण बंद कपाटात पडलेली वही आणि न वाचलेली वही यांत फरक तो काय? केंद्र आणि राज्य कराच्या वाट्यावरून भांडतात तेव्हा आपण कोणाचाही भाला होऊ नये. आधी आकडा विचारावा. आपल्या घामातून किती गेले, कोणाच्या हातून गेले, आणि आपल्या वस्तीत, शाळेत, दवाखान्यात परत किती आले?

किल्ली कोणाच्याही कमरेला असो. वही आपल्यापुढे उघडी पाहिजे!