उतारूला तंबू कोठला?

इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला, तेव्हा सराईत त्याला भट्टीएवढ्या चार खोल्या दाखविण्यात आल्या. गावात याहून बरी जागा नाही, असे कोतवालाने सांगितले. रो आपल्या तंबूत निजला. आज सिंधीपुरा दरवाजातून शिरणाऱ्या सामान्य उतारूपाशी तंबू कोठला?

माणूस जेमतेम आडवा होईल अशा कप्प्यांचे हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात निघाले. २०२१ मध्ये तसले कप्पे मुंबई सेंट्रल स्थानकातही आले. जागा थोडी असण्यास आमची हरकत नाही. वाट बंद असण्यास आहे. २०१९ मध्ये दिल्लीत करोल बागेतील एका हॉटेलास आग लागून १७ माणसे दगावली, त्यांतील बरीचशी धुराने गुदमरून. 'एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार?' हे मालकांचे उत्तर म्हणजे त्या कोतवालाचीच सबब होय. कमी भाड्यात गादी पातळ मिळो. परंतु मोकळा जिना, बाहेर पडण्याची दुसरी वाट आणि आतून लागणारी कडी यांत काटकसर करण्याचा अधिकार कोणासही नाही. उतारूने पैसे मोजण्यापूर्वी जिना पाहावा. आणि परवाना देणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी तो स्वतः चढून पाहावा.