घरशोधाचे दप्तर

नवे घर घेण्याचा विचार कुटुंबात एकदा पक्का झाला की जाहिरातींवर खुणा करणे, दलालांशी बोलणी लावणे आणि सुटीच्या दिवशी सहपरिवार जागा पाहत हिंडणे यांना मोठ्या उत्साहाने आरंभ होतो. परंतु या सर्व खटाटोपाची नोंद ठेवण्यासाठी प्रथम एक वही घालावी, ही गोष्ट लग्नातील अहेराच्या याद्या वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या घरांनाही सहसा सुचत नाही. ज्याचे हप्ते पंधरा-वीस वर्षे फेडावयाचे, तो आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार स्मरणाच्या आणि विक्रेत्याच्या तोंडी शब्दाच्या भरवशावर चालावा, याचा मला मनापासून खेद वाटतो. विकणाऱ्याने असे व्यवहार अनेकवार केलेले असतात, घेणाऱ्याच्या वाट्याला तो जन्मात एकदा, फार तर दोनदा येतो; ही विषमता काही अंशी तरी भरून काढण्याचे सामर्थ्य सामान्य गृहस्थापाशी कशात असेल, तर ते त्याच्या टापटिपीत आहे.

वहीचे पहिले पान एकही जागा पाहण्यापूर्वी लिहिले जावे, आणि ते घरातील प्रत्येकाला विचारून लिहिले जावे, असा माझा आग्रह आहे. कर्ता पुरुष किमतीचा आणि हप्त्याचा विचार करतो; पण पावसाळ्यात कपडे कोठे वाळत घालावयाचे, उद्वाहन बंद पडले तर आजींनी किती जिने चढावयाचे, दहावीतल्या मुलीला दार लावून अभ्यासाला बसता येईल असा कोपरा आहे की नाही, हे प्रश्न ज्यांचे असतात त्यांना नमुना सदनिकेच्या झगमगाटात बोलण्याचा धीर होत नाही, आणि झालाच तर बयाणा दिल्यानंतर होतो. ज्यांबाबत तडजोड नाही अशा गोष्टी आणि सोडून देता येण्याजोग्या गोष्टी यांची फारकत याच पानावर व्हावी. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्याने ते अंतर रविवारी सकाळी मोजून उपयोग नाही; कचेरीच्या वेळेला, कामाच्या दिवशी, एकदा प्रत्यक्ष जाऊन लागलेला वेळ नमूद करावा.

पाहिलेल्या प्रत्येक जागेची नोंद त्याच दिवशी व्हावी, कारण चार-पाच जागा नजरेखालून गेल्या की एकीचा उजेड दुसरीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. क्षेत्रफळाची तुलना तर एकाच मापाने करावी. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे: सदनिकेच्या आतील भिंती त्यात धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांच्या पोकळ्या, खाजगी बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली जाते. तरीही बोलाचालीत बांधीव क्षेत्र, त्याहून फुगवलेले विक्रीयोग्य क्षेत्र, असे निरनिराळे आकडे ऐकू येतात, आणि दस्तात चौरस मीटर तर तोंडी चौरस फूट, असाही घोळ असतोच. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. हा हिशेब वहीत मांडलेला असला की दोन जागांच्या दरांतील खरा फरक आपोआप उघडा पडतो.

परंतु दप्तराचा खरा कस लागतो तो कागदपत्रांत. इमारत नवी असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक घेऊन त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, मालकी हक्काचा अहवाल, जमिनीवरील बोजा आणि ताबा देण्याची तारीख स्वतः पाहावी. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज घेण्यास विकासकाला वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम १३ ने मनाई आहे, हेही ठळक अक्षरांत टिपून ठेवावे. घर जुने असेल तर पूर्वीच्या खरेदीखतांची अखंड साखळी, सूची क्रमांक दोनचे उतारे, मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र, गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र व ना हरकत पत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे की अद्याप मूळ मालकाकडेच आहे, या प्रत्येक बाबीसमोर तीन रकाने असावेत: मूळ कागद पाहिला, नक्कल मिळाली, वकिलांनी तपासला. ‘कागद सगळे क्लिअर आहेत’ या वाक्याला त्यांपैकी कोणत्याही रकान्यात जागा नाही.

एवढी चिकित्सा करीत बसल्यास जागा हातची जाते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि ‘दुसरी पार्टी तयार आहे’ हे दलालाचे शब्द ऐकून भलीभली माणसे त्याच सायंकाळी धनादेश फाडतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याची आयकर विवरणपत्रे, पगारपत्रके आणि बँकेचे कर्जमंजुरीचे प्राथमिक पत्र आधीच एका फाईलीत लावून ठेवलेले आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांची तजवीज ज्याने किमतीबरोबरच करून ठेवली आहे, तोच मनाजोगी जागा सापडताच सर्वांत त्वरेने पुढे जाऊ शकतो. त्याने बयाणा अवश्य द्यावा, पण धनादेशाने द्यावा आणि पावतीवर, शोध अहवालात हक्क सदोष आढळल्यास अगर बँकेने त्या मिळकतीवर कर्ज नाकारल्यास रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल, ही अट लिहून घ्यावी. जो विक्रेता एवढी एक ओळ लिहून देण्यास तयार नसेल, त्याच्या जागेच्या पानावर काट मारून पुढचे पान उघडावे.