नोंदवहीत वाण, शेतात काय?



पुण्याहून पौडकडे निघालात की भूगावच्या पुढे भुकूम लागते. हा मुळशीचा, म्हणजे आंबेमोहोर भाताचा मुलूख. आज रस्त्याकडेला खाचरांऐवजी बंगले, प्लॉटची कुंपणे आणि मंगल कार्यालये दिसतात. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने खाचर काही राखले नाही. भाताला परवडेल असा भाव नाही आणि जमिनीला मात्र आहे, तिथे शेतकऱ्याने दुसरे काय करावे?

आपण कापूस-ज्वारीवाले. आपली जमीन राहिली, पण वाण गेले. दगडी, दूधमोगरा ही ज्वारीची नावे पोरांना सांगून कळत नाहीत. गुळभेंडी हुरड्यापुरती उरली. देशी कपाशी कमी पाण्यात तग धरते, रसशोषक किडींना सहसा बधत नाही. पण आखूड धाग्याला बाजार विचारत नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीचे क्षेत्र तिच्याखाली गेले.

त्याच २००२ साली जैवविविधता कायदा झाला. गावोगाव समिती असावी, तिने गावातली झाडे, जनावरे, पिकांचे वाण यांची नोंदवही करावी, असे त्यात आहे. चौदा वर्षांनी, २०१६ साली, देशभरात समित्या दहा हजारांच्याही आत होत्या. मग हरित न्यायाधिकरणाने राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यापुढे महिन्याला दहा लाख रुपये भरायला लावायचे ठरवले. बघता बघता समित्या अडीच लाखांवर गेल्या! दंडाच्या धाकाने समित्या होतात. दंडाच्या धाकाने वाण उगवत नाही.

वाण का गेले, हे सरकारने स्वतःला विचारावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. तरी रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू आणि तांदूळच येतो. खरेदी ज्याची, पेरा त्याचा. ज्वारी गेली तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातले बैल गेले. हा ऱ्हास शेतकऱ्याच्या अडाणीपणाने झालेला नाही, धोरणाने झाला आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी करार केला. २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि पाणी राखायचे, हे त्यातले कलम सगळीकडे गाजते. निसर्गाला मारक ठरणारी अनुदाने कमी करायची, हेही कलम त्याच करारात आहे. त्याची वाच्यता नाही. पहिल्या कलमात शेतकऱ्यावर बंधने येऊ शकतात. दुसऱ्यात सरकारला स्वतःचा हिशेब द्यावा लागतो.

निसर्ग राखायला आपला विरोध नाही. फुकट राखणदारी करायला आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. गावची जैवविविधता नोंदवही सभेत मोठ्याने वाचून दाखवा. समितीत कणगीतले बी राखणाऱ्या बायाबापड्यांना घ्या, सहीपुरते सदस्य नकोत. आणि ठराव करा: रेशनसाठी ज्वारीची हमीभावाने खरेदी करा, देशी कपाशीला परवडेल असा दर द्या.

दाम मिळाला तर वाण शेतात राहील. नाहीतर ते नोंदवहीतच वाचावे लागेल.