हाडाचा निरोप्या आणि त्याची ओळख



परवा एका भगिनीचे पत्र आले. दिराच्या नडगीचे हाड मोडून आठ महिने झाले, प्लॅस्टर निघाले, पण हाड काही सांधत नाही. भाचा शहरात एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तो म्हणतो, आमच्याकडे हाड वाढवणारे प्रथिन ओळखण्याचे औषध कुपीत येते. बाई विचारतात, त्या औषधाने दिराचे रक्त तपासून घ्यावे काय?

उत्तर शेवटी देतो. आधी त्या कुपीत असते काय, ते पाहू.

कातडी फाटली तर व्रण राहतो. हाड मात्र सांधले की तिथे पुन्हा हाडच तयार होते. हा हुकूम कोण सोडतो? अमेरिकेत लॉस एंजेलिसला मार्शल युरिस्ट नावाचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी हाडाचा तुकडा आम्लात भिजवून त्यातला चुना काढून टाकला आणि उरलेला मऊ भाग सशाच्या मांसात ठेवला. काही आठवड्यांनी पाहतात तो मांसात नवे हाड! हे १९६५ साली त्यांनी प्रसिद्ध केले. त्या मऊ भागात पेशींना निरोप देणारे प्रथिन होते. पुढे त्याला बी.एम.पी. हे नाव पडले. १९८८ साली त्याची जनुके हाती लागली, तेव्हा कळले की हा एकटा नाही, भावंडांचे कुळच आहे. त्यातला बी.एम.पी.-२ हा हाडाच्या कामात मोठा तरबेज.

पण हा निरोप्या असतो अगदी थोडा, आणि डोळ्यांना दिसत नाही. त्याला शोधायचा कसा?

सापाची लस आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती घोड्यांपासून केली. घोड्याला विष थोडे थोडे टोचायचे, म्हणजे त्याच्या रक्तात त्या विषाला धरणारी द्रव्ये तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. तीच युक्ती इथे. सशाला माणसाचे बी.एम.पी.-२ टोचले की सशाचे रक्त ते परके म्हणून धरायला शिकते. ते प्रतिपिंड कुपीत भरतात. तपासणीच्या वेळी रंग उठावा म्हणून त्याला एक विकर (एन्झाइम) जोडतात, आणि गंमत अशी की ते बहुधा मुळा-मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळातून काढलेले असते!

आता खरी मेख. बी.एम.पी.-२ आणि बी.एम.पी.-४ ही भावंडे इतकी सारखी, की जुळ्या कालवडींत धनीही फसावा. प्रतिपिंडही फसतो. रंग उठतो, पण धरलेला भलताच असतो. शिवाय एका सशाचे रक्त दुसऱ्यासारखे नसते. १९७५ साली केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची रीत काढली. त्याबद्दल १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. तरी घोळ संपला नाही. २०१५ साली शंभरावर शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ साप्ताहिकात लिहिले की, वाईट प्रतिपिंडांपायी पैसा आणि मेहनत वाया जाते आहे. म्हणून शहाणा तपासनीस आधी, ज्यात ते प्रथिन मुळीच नाही असा नमुना तपासतो. तिथेही रंग उठला, तर ती कुपी त्या कामाची नाही.

आणि हा काही नुसता पोथीतला वाद नव्हे. प्रयोगशाळेत बनवलेले बी.एम.पी.-२ अमेरिकेत २००२ पासून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात. ते मानेत वापरल्यावर काही रोग्यांना सूज येऊन श्वास कोंडला, तेव्हा २००८ साली तिथल्या सरकारी खात्याला इशारा द्यावा लागला. निरोप चुकीच्या जागी पोचला, की असे होते.

तर ताई, भाच्याच्या कुपीवरचे लेबल वाचायला सांगा. अशा कुप्यांवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते. रोग्याच्या निदानाला ती चालत नाही. हाड न सांधण्याची कारणे पुष्कळ असतात: आत पू झालेला असणे, रक्तपुरवठा कमी पडणे, तुकडे हलत राहणे, मधुमेह, विडीकाडी. ती हाडाच्या डॉक्टरांनीच पाहावी. आठ महिने थांबलात, आता आणखी थांबू नका. जाताना एक्स-रेच्या सगळ्या जुन्या फिल्म बरोबर न्या, आणि दीर विडी ओढत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.