जोडा कामगाराचा, खर्च कोणाचा?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली यांपैकी कोणत्याही स्थानकातून बाहेर पडले की चार पावलांवर हॉटेल लागते. गिऱ्हाइकाला तेथे पुसलेले टेबल, वाफाळलेला चहा आणि वेटरचा गणवेश दिसतो. वेटरच्या पायांत काय आहे हे कोणी पाहत नाही. आत भटारखान्यात कढईपुढे उभ्या असलेल्या आचाऱ्याचे आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याचे पाय तर गिऱ्हाइकाच्या नजरेस पडतच नाहीत. ते पाय पुष्कळदा झिजलेल्या रबरी स्लीपरमध्ये असतात. वेटरला काळे बूट सक्तीचे असले, तरी ते बहुधा त्याने स्वतःच्या पैशाने, फुटपाथवर स्वस्तात मिळतील ते घ्यावयाचे असतात. ‘पायीची वहाण पायीच बरी’ असे म्हणणाऱ्या समाजाला हा विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्याची सारी मजुरी पायांवर उभे राहूनच मिळते, त्याचा जोडा हे त्याच्या कामाचे हत्यार आहे. आणि हत्यार कोणाच्या खर्चाने यावे, हा कामगार चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

भटारखान्याची लादी कोरडी क्वचितच असते. मोरीचे पाणी, कढईतून उडालेले तेल, भाताची पेज आणि साबणाचा फेस यांचा एक पातळ थर तिच्यावर सदैव असतो. गुळगुळीत तळाच्या चपलेला या थरावर पकड मिळत नाही. हातात उकळत्या सांबाराचे पातेले असताना पाय घसरला, तर माणसाला कशाचा आधार घेण्यासाठी हातही मोकळा नसतो. पडणे आणि भाजणे एकदमच घडते, आणि उघड्या पावलावर सांडलेले तेल कातडी सोलून काढते. हे झाले अपघाताचे. दुसरी हानी सावकाश होते. रोज दहा-बारा तास उभे राहून टाच दुखू लागते, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. या दुखण्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पाय थकले की कामगार गावी परततो आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

कायदा याविषयी काय म्हणतो हे पाहणे उद्बोधक आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार परवानाधारक हॉटेलमालकाने अन्न हाताळणाऱ्यांना स्वच्छ कपडे, डोक्याचे आवरण, हातमोजे आणि पादत्राणेही पुरवावयाची आहेत. त्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही व्हावयाची आहे. परंतु या नियमांचा हेतू गिऱ्हाइकाच्या ताटात जंतू जाऊ नयेत एवढाच आहे. जोडा स्वच्छ असावा असे ते सांगतात. तो घसरू नये असे सांगत नाहीत. तपासणीचा रोख संसर्गजन्य रोगांवर असतो. फुगलेल्या शिरा कोणी तपासत नाही. खाणाऱ्याचे रक्षण व्हावे हे योग्यच. पण रांधणाऱ्याचे रक्षण कोणी करावयाचे?

ते कारखाना कायद्याने केले असते. ओल्या जमिनीवरील पाण्याचा निचरा, उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय, अशा तरतुदी १९४८ च्या त्या कायद्यात होत्या. पण १९७६ च्या दुरुस्तीने ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खाण्याची जागा स्पष्टपणे वगळण्यात आली. पुढे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या भटारखान्यात चालणारे काम ही उत्पादनप्रक्रियाच आहे असे मान्य केले, ते कामगार विम्याच्या प्रयोजनापुरते. म्हणजे भाजल्यानंतरच्या उपचारांसाठी भटारखाना कारखान्यासारखा, पण भाजू नये यासाठी मात्र नाही! २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही कारखान्याच्या व्याख्येतील हा अपवाद तसाच उचलला आहे.

ही संहिता इतर तीन संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कामगार संघटनांनी या संहितांना केलेला विरोध रास्तच होता. तथापि विरोध कायम ठेवूनही तिच्यातील एक कलम हाती घेण्याजोगे आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी जे काही पुरवले जाईल, त्याबद्दल कामगाराकडून कोणताही आकार घेता येणार नाही, असे ती म्हणते. घसरण रोखणारा जोडा सुरक्षेचे साधन नसेल, तर दुसरे कशाला साधन म्हणावयाचे? पगारातून बुटांचे पैसे कापणाऱ्या, अथवा ‘बूट घेऊन या, मगच कामाला लागा’ असे सांगणाऱ्या मालकाला हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे.

मालकाच्या बाजूने पहिला आक्षेप खर्चाचा येतो. समजा, चांगल्या जोडाची किंमत एक हजार रुपये धरली आणि तो कामाचे तीनशे दिवस टिकला, तर दिवसाला साडेतीन रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात उपनगरात कटिंग चहाही मिळत नाही. उलट जोडा न दिल्याने मालकाची जी बचत होते, तिची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. घसरून हात मोडलेल्या कामगाराची मजुरी बुडते, गावाकडची मनीऑर्डर थांबते, आणि विमा असेल तर मुलुंड वा कांदिवलीच्या कामगार विमा रुग्णालयावर भार पडतो. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हा व्यवहार मोठ्या गिरणीत जसा चालला तसाच तो दहा टेबलांच्या हॉटेलातही चालतो.

जोड्याने खरोखर काही फरक पडतो का, ही शंकाही घेतली जाते. अमेरिकेत शाळांच्या स्वयंपाकघरांतील सुमारे १७ हजार कर्मचाऱ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना न घसरणारे जोडे मोफत देण्यात आले, त्यांच्यात घसरून झालेल्या इजांच्या भरपाईचे दावे तब्बल ६७ टक्क्यांनी घटले. भाषणांनी किंवा भिंतीवरच्या सूचनांनी जे साधत नाही, ते एका जोडाने साधले. आणि तो मोफत होता ही गोष्ट विसरता येणार नाही.

मग जोडा कसा असावा? तळ नायट्राइलसारख्या तेलाला टिकणाऱ्या मऊ रबराचा असावा. त्यावर खोल खाचा असाव्यात आणि त्या कडेपर्यंत मोकळ्या असाव्यात, म्हणजे पावलाखालचे पाणी बाहेर ढकलले जाते. खाचा झिजल्या की जोडा नवा दिसत असला तरी निकामी झाला. बोटे व टाच झाकलेली असावीत; वरचा भाग पाणी न शोषणारा, छिद्रे नसलेला, आणि आत तेल गेल्यास झटकन काढून टाकता येईल असा बिनलेसचा असावा. सुखतळा काढून धुता यावा. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून मिळावेत, नाही तर ओला जोडा वाळतच नाही. माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यावे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा आपले पाय परदेशी मापांहून रुंद असल्याचे दिसून आले. तेव्हा एकाच मापाचे गठ्ठे आणून वाटणे ही सोय नव्हे. ज्याचे जळते त्यालाच कळते; म्हणून निवड कामगाराची आणि पैसा मालकाचा, हेच सूत्र असावे. भारतीय मानक १५२९८ च्या चौथ्या भागात कामाच्या जोड्यांचे निकष दिलेले आहेत. खरेदी करताना त्यांचा आग्रह धरावा.

अर्थात जोडा दिला म्हणजे लादीची जबाबदारी संपली असे नाही. तुंबलेली मोरी, गळणारा नळ आणि तेलकट फरशी तशीच ठेवून जोड्याकडे बोट दाखवणारा मालक कामगाराच्याच माथी अपघात मारील. तासांचा प्रश्नही विसरता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास आणि हा कायदा २० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरताच ठेवण्यास मान्यता दिली. दहावा तासही पायांनीच द्यावयाचा असतो. आणि उपनगरांतील असंख्य लहान हॉटेलांतील कामगार या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

लहान मालकाची अडचण अगदीच खोटी नाही. एकट्याने दहा जोड घेणे महाग पडते, आणि माणसे महिन्या-दोन महिन्यांत सोडून जातात. यावर उपाय सामुदायिक खरेदीचा आहे. एका विभागातील पन्नास हॉटेलांनी मिळून मागणी नोंदवली, तर दर उतरतो. घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर, चेंबूरच्या ठक्कर बाप्पा वसाहतीत, जोडे बनवणारी कुशल माणसे काम शोधत असतात. आणि १९७४ साली स्थापन झालेले राज्याचे चर्मोद्योग महामंडळ अशाच कारागिरांसाठी आहे. मानकानुसार तळ पुरवून ही मागणी त्यांच्याकडे वळवली, तर एका कामगाराच्या सुरक्षेतून दुसऱ्याला रोजगार मिळेल.

हॉटेल कामगार विखुरलेला असतो, त्यात परप्रांतीय, आणि बहुधा मालकाच्याच छपराखाली झोपणारा; त्याला संघटित करणे अवघड आहे हे खरे. पण ते अशक्य नाही. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९४९ साली मंगळुरात कामगारकार्याला आरंभ केला तो मोटार वाहतुकीच्या आणि हॉटेलांच्या कामगारांतच. केरळात कोळिकोडच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी केवळ ‘बसू द्या’ एवढीच मागणी लावून धरली. २०१८ साली तिचा तेथे कायदा झाला, आणि २०२१ साली तमिळनाडूनेही तो केला. साध्या, शरीराला भिडणाऱ्या मागणीभोवती माणसे लवकर जमतात. उपनगरांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील हॉटेल कामगारांना दुपारच्या सुटीत भेटावे, त्यांच्या पायांत काय आहे आणि ते कोणी विकत घेतले हे विचारावे, आणि ती यादी घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. मोफत जोडा, कोरडी लादी आणि बसण्यासाठी एक स्टूल, एवढ्या तीन मागण्यांवर संघटनेची सुरुवात होऊ शकते.