बांगड्या फोडू नका

घरातला कर्ता पुरुष गेला की सगळे रडत असतात. तेवढ्यात एखादी वडीलधारी बाई पुढे होते. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडते, कुंकू पुसते, जोडवी काढते. तिच्या मनात वाईट नसतं. तिच्या वेळीही तसंच झालेलं असतं. तुम्ही तिथे असाल तर तिचा हात धरा. "मावशी, राहू द्या," एवढंच म्हणा.

हे सांगणं बाहेरून आलेलं नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक काढलं. त्याआधी सुरतेच्या एका तरुण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने लोक सगळ्या बायकांनाच नावं ठेवू लागले. ताराबाईंनी उलट विचारलं, बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग बंधनं बाईलाच का? त्यांच्यावर खूप टीका झाली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

आणि जिजाऊ? शहाजीराजे १६६४ साली गेले. जिजाऊ त्यानंतर दहा वर्षं जगल्या आणि शिवरायांचा राज्याभिषेक पाहून गेल्या. आपण १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाऊन त्यांच्यापुढे डोकं टेकवतो. दोन दिवसांनी संक्रांत येते आणि हळदीकुंकवाला शेजारच्या विधवेला बोलावत नाही. या वर्षी तिला बोलावा. वाण द्या. मुलीच्या लग्नात ओवाळायलाही तिलाच पुढे करा.

आता कागदाचं बघा, कारण पोट त्यावर चालतं. मृत्यूचा दाखला लगेच काढा. तेरवी झाली की तिच्यासोबत तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या. तिला एकटीला पाठवू नका. हिंदू घरात नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि सासू यांचा सारखा हक्क असतो. मुसलमान घरात मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. दुःखाच्या दिवसांत हक्कसोडपत्रावर सही मागणारे नातेवाईक असतात. तिला सांगा, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नको, कोऱ्या कागदावर तर नकोच. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये भरायला मदत करा.

तिचं वय लहान असेल तर लग्नाचा विषय तिच्याशी मोकळेपणाने बोला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला. इस्लाममध्येही इद्दत, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर थांबायची मुदत, संपली की विधवेला निकाह करता येतो. दुसरं लग्न केलं म्हणून पहिल्या नवऱ्याकडून मिळालेला हिस्सा जात नाही. तरीही तिची इच्छा नसेल तर आग्रह करू नका. ठरवणारी तीच.

एकट्या घराला हे जड जातं. भावकी बोलते, सासूला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. म्हणून गावाने मिळून ठरवलेलं बरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात ठराव झाला नसेल तर सरपंचांना भेटा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि त्या दिवशी गावातल्या विधवांना पुढच्या रांगेत बसवा. पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्या.