तेरेखोलचे दोन तीर

लहान, निसर्गसंपन्न आणि सुखी अशा देशांची नावे सांगा म्हटले, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या ओठांवर स्वित्झर्लंड व न्यूझीलंड ही नावे तत्काळ येतात. निबंधाच्या वहीत हिमाच्छादित शिखरे, हिरवी कुरणे व निळी सरोवरे यांचे वर्णन होते, आणि अशा देशात जन्म मिळणे हे केवढे भाग्य, हा उद्गार शेवटी ठरलेलाच असतो. या उद्गाराच्या मुळाशी एक समजूत असते. निसर्ग जेथे उदार तेथे मनुष्य सुखी, आणि निसर्ग जेथे कृपण तेथे मनुष्य दरिद्री, अशी ती समजूत होय. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आम्हा मराठवाड्याच्या रहिवाशांस तर ती फारच सोयीची वाटते. कारण तिच्या आधारे आपल्या साऱ्या उणिवांचा दोष आभाळावर टाकता येतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्यासाठी युरोपात जाण्याचे प्रयोजन नाही. शाळेच्या सहलीबरोबर गोव्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने तेरेखोल नदीच्या काठी घटकाभर थांबून दोन्ही तीरांकडे डोळसपणे पाहिले, तरी पुरे आहे.

ही नदी समुद्रास मिळण्यापूर्वी गोवा राज्य व आपल्या महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा यांची सीमा बनते. दक्षिणेस गोव्याचा पेडणे तालुका, उत्तरेस सावंतवाडी व वेंगुर्ले. परंतु ही सीमा निसर्गाने आखलेली नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्याच राज्यात होता. पुढे तो पोर्तुगिजांच्या हाती गेला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर उभा असूनही आज गोव्याच्या हद्दीत मोडतो, तो याच इतिहासामुळे. दोन्ही तीरांवर तोच तांबडा जांभा, तेच माड व पोफळी, तोच काजू, तीच भातशेती आणि तीच मासळी. गावच्या जत्रेत दोन्हीकडे दशावताराचा खेळ रंगतो. चतुर्थीस दोन्हीकडे घरोघर गणपती येतो. परमेश्वराने देताना एका तीरास अधिक व दुसऱ्यास उणे असे मुळीच केलेले नाही.

आता माणसांची स्थिती पाहू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्गाचे ५,२०७. म्हणजे भूमी सिंधुदुर्गाची मोठी. २०११ च्या जनगणनेत मात्र गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली, तर सिंधुदुर्गाची अवघी ८,४९,६५१. याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, २००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या शेकडा आठांनी वाढली, आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून खाली आली. त्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. या आकड्याचा अर्थ कोकणातील कोणतीही आजी सांगेल. कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला गेलेला असतो, घरी आई, पत्नी व लेकरे राहतात, आणि चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर घर चालते, हीच त्या भूमीची पिढ्यान्पिढ्यांची रीत होऊन बसली.

हे लोक अडाणी म्हणून मागे राहिले, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. त्याच जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण गोव्यात शेकडा ८८.७०, सिंधुदुर्गात ८५.५६, आणि आपल्या जिल्ह्यात ७९.०२ असे होते. निसर्ग समान, भाषा व रीतिभाती जवळजवळ समान, विद्याही फारशी उणी नाही. आणि तरीही एका तीरावरचा तरुण रोज सकाळी दुसऱ्या तीरावर कामधंद्यासाठी जातो. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले येथील कितीतरी तरुणांची भाकरी गोव्याच्या कारखान्यांत व उपाहारगृहांत भाजली जाते. दरडोई उत्पन्नात गोवा भारताच्या अगदी वरच्या राज्यांत गणला जातो. मग हा भेद आला कोठून?

आमच्या मते, तो माणसांनी काय उभारले व कोणासाठी उभारले, यातून आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचेच; त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या जनतेने महाराष्ट्रात विलीन न होता वेगळे राहण्याचा निर्णय दिला, आणि ३० मे १९८७ रोजी गोव्यास राज्याचा दर्जा मिळाला. त्या निर्णयाबद्दल मराठी माणसास त्या वेळी काहीही वाटलेले असो, त्याचा परिणाम स्पष्ट आहे. गोव्याच्या विधानसभेत चाळीस आमदार त्या एवढ्याशा भूमीचा विचार करण्यासाठी बसतात. सिंधुदुर्गाचे आमदार तीन; आणि ते बसतात २८८ जणांच्या सभेत. जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचा जन्मही १ मे १९८१ चा. तोपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचे दक्षिण टोक होता; आणि टोकाकडे लक्ष शेवटी जाते, हा जगाचा अनुभव आहे.

एकच उदाहरण घेऊ. पणजी येथे वैद्यकाचे विद्यालय १८४२ मध्ये स्थापन झाले. त्याचीच परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आज बांबोळी येथे आहे. सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२१ साल उजाडले. मधल्या काळात सर्पदंश असो, अपघात असो, अडलेली बाळंतीण असो, रुग्णास घेऊन गाडी धावे ती सीमा ओलांडून बांबोळीकडे. २०१८ च्या आरंभी गोव्याबाहेरील रुग्णांकडून शुल्क घेण्याचे ठरले, तेव्हा दोडामार्गात मोठा असंतोष उसळला. ज्या तालुक्यातील गावे तिळारीच्या धरणाखाली बुडाली, आणि ज्या धरणाच्या पाण्याचा मोठा वाटा गोव्यास मिळतो, त्याच तालुक्यातील रुग्णास त्या दारात परका म्हणून उभे राहावे लागले. यात गोव्यास दोष देणे न्यायाचे होणार नाही. आपल्या जनतेच्या पैशाने उभारलेली संस्था आपल्या जनतेसाठी आधी, असे कोणतेही राज्य म्हणेल. विचारावयाचा प्रश्न आपणांस आपल्याच घरी विचारला पाहिजे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. घोषणा करण्यास एक दिवस लागतो, रुग्णालय उभारण्यास मात्र पिढी लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग गोवा हाच आदर्श मानावा आणि सिंधुदुर्गाने त्याचे डोळे मिटून अनुकरण करावे. आमचे मत तसे नाही. गोव्याच्या संपत्तीचा एक भाग डिचोली, सत्तरी व सांगे येथील लोहखनिजाच्या खाणींतून आला. डोंगर फोडून खनिज परदेशी गेले, आणि मागे उरलेली माती पावसाबरोबर शेतांत व ओढ्यांत उतरली. अखेरीस ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास या खाणी थांबवाव्या लागल्या. पुढे त्या मर्यादेने चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि नंतर लिलाव होऊन त्यांपैकी काही परत सुरू होऊ लागल्या. प्रत्येक वेळी खाणीवर पोट असलेल्या मजुराच्या व गाडीवाल्याच्या घरची चूल मधल्यामध्ये विझली. किनाऱ्याची गोष्टही फारशी निराळी नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी भाताची शेते व डोंगरउतार विकले गेले, आणि जमिनीच्या किमती इतक्या चढल्या की, गावच्या मुलास गावात घर बांधणे दुरापास्त झाले. पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांस व त्यांच्या वंशजांस पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्याचा लाभ घेऊन हजारो गोवेकर युरोपात जाऊन राहिले. म्हणजे गरिबीमुळे सिंधुदुर्गाचा मुलगा मुंबईस गेला, आणि सुबत्ता असूनही गोव्याचा मुलगा लिस्बन व लंडन येथे गेला. दोन्ही तीरांवर आई दारात उभी राहून वाट पाहते, ती सारखीच.

शुभवर्तमानात धन्याचा व त्याच्या चाकरांचा दाखला आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा ऐकला असेल. धन्याने परदेशी जाताना चाकरांच्या हाती द्रव्य सोपविले. काहींनी ते उद्योगास लावून वाढविले. एकाने जमिनीत पुरून ठेवले, आणि तो निंदेस पात्र झाला. सिंधुदुर्गाच्या बाबतीत आपण कारभार करणारे त्या पुरून ठेवणाऱ्या चाकराप्रमाणे वागलो, असे म्हणावे लागेल. पण त्या दाखल्यात आणखी एक चाकर असता, आणि त्याने व्यापार करण्याच्या मिषाने धन्याचे मूळ द्रव्यच विकून खाल्ले असते, तर धनी त्यास काय म्हणाला असता? डोंगर, नदी व शेत हे मुद्दल होय. त्याच्या व्याजावर जगणे हा संसार, आणि मुद्दल मोडून जगणे हे दिवाळे. फरक इतकाच की, हे दिवाळे बापाच्या हयातीत दिसत नाही. ते मुलाच्या वाट्यास येते.

आरंभी ज्या स्वित्झर्लंडचा उल्लेख केला, त्याचीच साक्ष येथे काढू. तो देश नेहमीच श्रीमंत होता, अशी आपली कल्पना असते. परंतु १८१९ मध्ये दुष्काळाने व दारिद्र्याने गांजलेले सुमारे दोन हजार स्विस लोक घरदार सोडून ब्राझीलला निघाले, आणि त्यांनी तेथे नवी वसाहत केली. तीच शिखरे व तीच सरोवरे त्या वेळीही होती. त्यांनी कोणाचे पोट भरले नाही. पुढे १८७४ च्या राज्यघटनेने त्या देशात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व सरकारी शाळांत मोफत झाले, आणि अवघ्या दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, डोंगराळ प्रदेशातील अरण्याचे क्षेत्र घटू नये असा कायदा झाला. केवळ या दोन गोष्टींनीच तो देश संपन्न झाला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु एका हाताने शाळा उभारीत असताना दुसऱ्या हाताने अरण्य राखण्याची बुद्धी त्या लोकांस झाली, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्या छत्रपती संभाजीनगरास ना समुद्र, ना बारमाही हिरवे डोंगर. तथापि आपले शहर खडकी या नावाने वसत असता, सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने भूमिगत नहरींनी दुरून पाणी आणून ते वसविले. निसर्गाने जे दिले नाही, ते माणसाने उभारले. आपल्याही काळाच्या जवळ पाहा. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय काढले. १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. आज जालना, बीड, परभणी येथील रुग्ण घाटी रुग्णालयाच्या दारी येतात, ते निसर्गाच्या दानामुळे नव्हे. सिंधुदुर्गाजवळ पाऊस होता आणि रुग्णालय नव्हते. आपल्याजवळ पाऊस नव्हता, तरी रुग्णालय झाले.

मात्र राखण्याच्या बाबतीत आपली मान खाली जाते. त्या नहरींपैकी कित्येक आपण बुजू दिल्या, काहींवर घरे बांधली, आणि खाम नदीत सांडपाणी सोडले. पूर्वजांनी उभारलेले मुद्दल आपणही मोडूनच खाल्ले.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, मुलांशी बोलताना एखाद्या प्रदेशाची थोरवी तेथील देखाव्यावरून अथवा तेथील पगारावरून मोजण्याची सवय त्यांस लावू नये. तेथे जन्मलेल्या मुलास तेथेच शिकता येते काय, आजारी पडल्यास तेथेच बरे होता येते काय, तेथेच राहून पोट भरता येते काय, आणि हे सारे झाल्यावर त्याच्या मुलासाठी ती नदी व तो डोंगर शिल्लक राहतो काय, हे प्रश्न विचारावयास शिकवावे. या कसोटीस तेरेखोलचा कोणताही तीर आज पूर्णपणे उतरत नाही, आणि आपणही उतरत नाही.

विद्यार्थ्यांनो, पुढील सहलीत समुद्रावर मनसोक्त खेळा. परंतु परत येताना त्या नदीच्या काठी एखादी म्हातारी बाई भेटली, तर तिची मुले कोठे असतात, हे तिला आदराने विचारा. तिच्या उत्तरात त्या भूमीचे राहणीमान तुम्हांस कळेल. आणि मग घरी येऊन, आपल्या आईवर तसेच उत्तर देण्याची वेळ येऊ नये म्हणून या शहरात काय उभारावे व काय राखावे, याचा विचार करणे तुमचे काम आहे.